उघड्या पोटाचं घड्याळ

२२ डिसेंबर, रविवार

शांतम्माचं म्हणणं, मी फार बोलतो आणि बोललं की छातीवर ताण पडतो. हैदराबादच्या डॉक्टरनं असं काही सांगितलेलं नाही. त्यानं दिवाळीआधी स्टेंट टाकला, मीठ कमी करा म्हणाला आणि घरी पाठवलं. पण बायकोपुढं डॉक्टरचं काय चालतं? म्हणून आजपासून जे बोलायचं ते वहीत.

आज नागनाथवर राग आला. नागनाथ म्हणजे भालकी-उदगीर गाडीचा कंडक्टर, आता रिटायर. आम्ही शाळेत एका बाकावर होतो. रोज सकाळी चहाला भालकीतल्या माझ्या भांड्याच्या दुकानात येतो, घागरींच्या चवडीजवळ स्टूल ओढून बसतो आणि माझ्या मनगटाकडं बघून नाक मुरडतो.

“रेवण, टाइम काय झाला?”

कामून विचारतोय ते मला ठाऊक होतं. चष्मा लावला, मनगट उजेडाकडं वळवलं.

“थांब, काटा दिसू दे.”

“डाळीत खडा हुडकल्यावानी टाइम हुडकायलास की!”

खरं आहे. माझ्या घड्याळाला तबकडी नाही. वरून काच, मागूनही काच, मधे नुसती चाकं. गुंडाळलेली कमान सुटत जाते तशी चाकं एकमेकाला ढकलतात, आणि एका कोपऱ्यात ते छोटं चाक इकडून तिकडं, तिकडून इकडं झुलत असतं. त्या गर्दीत काटे हरवतात. हरवू देत. वेळ बघायला गल्ल्यावर भिंतीचं घड्याळ आहे, मोबाइल आहे, मशिदीची बांग आहे. मनगटावरचं हे मी वेळेसाठी घेतलेलं नाही.

दवाखान्यातून सुटलो त्या दिवशी आबिड्समधल्या दुकानाच्या काचेत दिसलं. लेक शैलश्री गाडी आणायला गेली होती. ती येईपर्यंत मी घेऊन मोकळा झालो होतो. शांतम्मा म्हणाली, “यप्पा! पोट फाडून ठेवल्यावानी दिसायलंय. झाकलेलं न्हाई का त्यांच्याकडं?”

आयुष्यभर मी चकाकी विकली. गिऱ्हाईक भांड्याचं बाहेरचं तेवढं बघतं, आतला पत्रा किती पातळ आहे ते कुणी विचारत नाही. मला आता असं काहीतरी पाहिजे होतं, ज्याला लपवायला काही नाही. एवढंच. यात चूक काय?

३० डिसेंबर, सोमवार. वेळ अमावस्या

सगळे मळ्यात गेलो होतो. ज्वारी कमरेला लागली आहे. कडब्याची खोप, पांडवांची पूजा, भज्जी, आंबील, उंडे. नागनाथ आणि त्याची बायको शोभाबाई दरवर्षीप्रमाणे आमच्याबरोबर. जेवून खोपीच्या सावलीला पडलो होतो, तेवढ्यात शैलश्रीनं पिशवीतून डबी काढली. आत एक घड्याळ: काळं, चौकोनी, चकचकीत. बंद असलं की पाटीच्या तुकड्यासारखं.

“अप्पा, हात द्या.”

“हे काय?”

“हे तुमचे ठोके बघतंय. चाललेलं, झोपलेलं सगळं बघतंय. तुमच्या फोनजवळ आलं की सगळं मला हैदराबादला दिसतंय.”

“आणि हे?” मी माझं घड्याळ दाखवलं.

“ते काढा. सणासुदीला घाला.”

ती स्वतःच काढायला लागली. सगळ्यांपुढं. मी हात मागं घेतला. तिचे डोळे भरले तसा पुढं केला. आता डाव्या हाताला तिचं आणि उजव्या हाताला माझं. नागनाथ म्हणाला, “बेड्या शोभायल्यात!” शोभाबाई हसल्या. मी हसलो नाही.

३ जानेवारी, शुक्रवार

हे यंत्र मनगटाला चिमटा काढल्यासारखं थरथरतं. उठा म्हणतं. चाला म्हणतं. श्वास घ्या म्हणतं! आजवर मी श्वास कुणाला विचारून घेत होतो?

शैलश्रीचा फोन येतो, पण काय कसं न विचारता एकदम, “अप्पा, काल चाललाच न्हाईत.” “अप्पा, रात्री उठला होतात का?” तिला सगळं आधीच ठाऊक असतं. मी नुसतं हो म्हणायचं. लहानपणी दुकानात बसून मला हजार प्रश्न विचारणारी हीच पोरगी.

आत काय चाललंय ते दाखव म्हटलं तर हे यंत्र दाखवतही नाही. काळी काच. चाक नाही, कमान नाही, आवाज नाही. माझ्या काळजाची चहाडी करतं आणि स्वतःचं काळीज झाकून ठेवतं. मला हे मान्य नाही.

५ जानेवारी, रविवार

तोड निघाली. नागनाथ रोज साखर फॅक्टरीच्या रस्त्यानं फिरायला जातो. उसाचे ट्रॅक्टर बघतो, ओळखीचे ड्रायव्हर भेटतात, त्याचा वेळ जातो.

“कंडक्टर,” म्हणालो, “नाहीतरी चालतोसच. हे घालून चाल.”

“म्हणजे माझ्या टांगा आणि तुझं नाव?”

“दुपारी मिरची भजी माझ्याकडून.”

“लेकीला फसवायलास, रेवण.”

“ती मला कैदेत टाकायलीय, ते?”

त्यानं मनगट पुढं केलं. फोन दुकानातच राहतो. तो फिरून परत आला की यंत्र फोनला सगळं सांगतं आणि फोन हैदराबादला. संध्याकाळी शैलश्री इतकी खूश, की “अप्पा, असंच रोज!” नागनाथला म्हणालो, आता घरीही काढू नको, तेवढं चार्ज करायला माझ्याकडं देत जा. माझा डावा हात मोकळा झाला. आज पाय पसरून घड्याळाला चावी दिली आणि चाकं बघत बसलो.

शांतम्मानं नागनाथचा हात बघितला. काही बोलली नाही. तिच्या न बोलण्याची मला जास्त भीती वाटते, पण ते असो.

९ जानेवारी, गुरुवार

मेव्हण्यानं मला खूश करायला बिदरहून एक घड्याळ आणलं. त्यालाही चाकं दिसतात. पण बघितलं आणि कळलं: चाकं नुसती चिकटवलेली. आत सेल. एकही चाक दुसऱ्याला हात लावत नाही. असली फसवणूक मला चालत नाही. त्यापेक्षा झाकलेलं बरं. तोंडावर सांगितलं, तो रुसून गेला. जाऊ दे. आवडीत भीड ठेवली तर ती आवड कसली?

नागनाथ फिरून आला आणि बराच वेळ पोत्यावर टेकून बसला. एवढ्या थंडीत कपाळाला घाम. म्हणालो, “कंडक्टरकी सुटली आणि अंगातला जोर गेला तुझा.” म्हणाला, “पुलाचा चढ वाढलाय.” दोघं हसलो. भजी मात्र त्यानं अर्धी ठेवली. तेल खराब होतं बहुतेक.

शैलश्री म्हणाली, “अप्पा, दुपारी ठोके लई वाढले होते.” मी म्हणालो, माळ्यावरून हंडे काढत होतो. हंडे खरोखर काढले होते, परवा.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत

शोभाबाई तीळगूळ घेऊन आल्या. शांतम्माजवळ बसून सांगत होत्या, “ह्यांचं काय कळंना झालंय. आडवं झालं की उठून बसायलेत. दोन उशा घेतल्या तरी न्हाई जमायलं. जेवण तर चिमणीवानी.”

मी बाहेरून म्हणालो, “वैनी, रिटायर माणसाला असंच होतं. करमत न्हाई त्याला.” शांतम्मानं माझ्याकडं बघितलं.

संध्याकाळी नागनाथशी वाद. तो म्हणतो, माणूस अंगभर कपडे घालतो, मग घड्याळानंही घालावेत. सगळंच उघडं टाकलं तर अब्रू काय राहिली? मी म्हणालो, जो काम करतो त्याला अब्रूची भीती नसते. सुताराला बघत उभं राहता येतं, कुंभाराला बघत उभं राहता येतं. झाकून काम कोण करतं? तो म्हणाला, “स्वयंपाकघरात तुझी बायको.” पुढं त्याला बोलवेना, खोकला आला. उसाच्या ट्रकांची धूळ सगळ्या गावाच्या छातीत बसली आहे.

१९ जानेवारी, रविवार

आज विजयाचा दिवस.

सकाळी शैलश्रीचा फोन. रडत होती. “अप्पा, ठोके वेडेवाकडे पडायलेत म्हणून घड्याळानं इशारा दिलाय. आत्ताच्या आत्ता ईसीजी काढा.” मी म्हणालो, मी ठणठणीत आहे. ऐकेना. शेवटी इथल्याच डॉक्टरकडं गेलो. पट्टी काढली. डॉक्टरनं ती उजेडात धरून बघितली, म्हणाला, “जुनं आहे ते आहे. नवीन काही नाही. ठोके एकदम नियमित.”

पट्टीचा फोटो काढून लगेच पाठवला. खाली लिहिलं: तुझं यंत्र खोटं बोलतं.

घरी येऊन शांतम्मालाही सांगितलं. म्हणालो, ज्याचं आतलं दिसत नाही त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही, मी आधीपासून सांगत होतो. ती भाकरी थापत होती. थापता थापता थांबली, पुन्हा थापायला लागली. आज तिखट जास्त टाकलं होतं. तरी जेवलो.

२२ जानेवारी, बुधवार

नागनाथ बिदरला दवाखान्यात आहे. मी आत्ताच आलो. लिहिवत नाही.

२४ जानेवारी, शुक्रवार

आता लिहितो. जसं झालं तसं.

बुधवारी सकाळी परत शैलश्रीचा फोन. परत इशारा. ती म्हणाली, मी निघाले, तुम्हाला घेऊन जाते. माझा पारा चढला. दुकानात शांतम्मा डबा घेऊन आलेली, दोन गिऱ्हाइकं उभी, आणि मी ओरडतोय: “किती वेळा सांगू? पट्टी चांगली आली! तुझं घड्याळ खोटं हाय! फेकून दे ते!”

फोन आपटला. शांतम्मा डबा ठेवत हळू आवाजात म्हणाली, “अहो, ते घड्याळ खोटं कसं? ते तुमच्या हातात हाय कुठं?”

मी आपटलेला फोन सरळ करून ठेवला.

“मी काय म्हणायलीय ते कळालं का?” ती म्हणाली. “ठोके कुणाचे हायत?”

घाम, उशा, अर्धी भजी, पुलाचा चढ. सगळं मी बघितलं होतं. या वहीत लिहिलंसुद्धा होतं.

नागनाथ नुकताच फिरायला निघाला होता. स्कूटर काढली. फॅक्टरीच्या रस्त्याला उसाच्या ट्रॅक्टरांची रांग, हॉर्न वाजवत वाजवत गेलो. पुलाच्या कठड्यावर बसलेला दिसला. टोपी हातात, तोंड पांढरं.

“रेवण? तू कामून आलास?”

“हात दे.”

“टाइम बघायलास व्हय?”

मनगट धरलं. यंत्राच्या वर बोटं ठेवली. एक ठोका, मग दोन-तीन घाईघाईनं, मग नुसतीच थरथर, मग एक मोठा. कमान बिघडली तरी घड्याळ असं चालत नाही. ते मागं पडतं, बंद पडतं, पण असं चालत नाही.

“चल. दवाखान्यात.”

“मला काय झालंय? ते काळीज तुझं हाय, लेका, माझं न्हाई. आपलं ठरलंय तसं.”

“नागनाथ, ऊठ.”

मी त्याला नावानं हाक मारली म्हणून तो उठला बहुतेक. एऱ्हवी कंडक्टरच म्हणतो. एका ऑटोवाल्याला थांबवलं. भालकीच्या डॉक्टरनं पट्टी काढली, पुढचं काही न बोलता गाडी बोलावली आणि बिदरला पाठवलं. शोभाबाईंना घरून गाडीत घेतलं. बिदरजवळचं नौबाद आलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, “अण्णा, तुम्हाला कसं कळालं?” मी खिडकीतून बाहेर बघितलं.

बिदरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काळजाचा वरचा कप्पा नीट मिटत नाही, नुसता थरथरतो. रक्त साकळतं. गाठ मेंदूत गेली की लकवा. “कधीपासून आहे असं?” नागनाथला सांगता येईना. शोभाबाईंना सांगता येईना. सांगू शकेल अशी एकच होती, शैलश्री, आणि तिच्यावर मी सकाळीच ओरडलो होतो.

दवाखान्याच्या पायरीवर उभा राहून फोन लावला. ती बसमध्ये होती.

“शैलश्री, ते ठोके माझे न्हाईत. तुझं घड्याळ नागनाथच्या हातात आहे. पहिल्या आठवड्यापासून. आम्ही बिदरला दवाखान्यात आहोत.”

मला वाटलं, आता शिव्या देईल. द्यायलाच पाहिजे होत्या.

“काकांच्या हातात आहे ना अजून?” ती म्हणाली. “काढू नका. डॉक्टरांना फोन द्या.”

सगळं तिच्याकडं होतं. कधी बिघडलं, किती वेळ टिकलं, कधी आपोआप बरं झालं. बाई ऐकत होत्या, लिहून घेत होत्या. रक्त पातळ करायचं औषध लगेच सुरू केलं. मला म्हणाल्या, वेळेत आणलंत. मी म्हणालो, मी नाही आणलं. त्यांना घाई होती, त्या गेल्या.

२६ जानेवारी, रविवार

नागनाथ बरा आहे. ठोके आवरलेत. सकाळी मला म्हणाला, “भजीचा करार मोडला का?” मग बायकोला म्हणाला, “हे काळं घड्याळ मी देणार न्हाई आता. टाइम तरी नीट दाखवतंय.” शैलश्री म्हणाली, ते तुमचंच काका. आणि माझ्याकडं वळून म्हणाली, “तुमच्यासाठी दुसरं मागवते.”

“न्हाई,” मी म्हणालो.

व्हरांड्यात आलो. ती चिडलेली. चिडली की थेट शांतम्मासारखी दिसते.

“एवढं होऊनसुद्धा न्हाई? अप्पा, त्या घड्याळानं माणूस वाचवला!”

“वाचवला. मी कुठं न्हाई म्हणायलाव? नागनाथनं आनंदानं घालावं. गोळ्या घेईन, मीठ सोडीन, तू म्हणशील त्या डॉक्टरकडं जाईन. पण मनगट माझं आहे. त्याच्यावर काय बांधायचं ते मी ठरवणार.”

“त्या उघड्या घड्याळासाठी हट्ट करायलाव?”

“तसं समज. तू मला बघत होतीस, शैलश्री. विचारत नव्हतीस. महिन्यात एकदा तरी विचारलंस का, अप्पा कसं वाटायलंय?”

मला वाटलं, जिंकलो. मग ती म्हणाली, “विचारलं होतं. दिवाळीआधी रोज विचारत होते. तुम्ही रोज म्हणायचात, बरं आहे, ॲसिडिटी आहे. गाडीत घालून न्यायच्या दिवशीसुद्धा म्हणालात, बरं आहे. मग मी काय विचारू?”

व्हरांड्यात झेंडावंदनाहून आलेल्या नर्सा लाडू वाटत होत्या. आम्हा दोघांच्या हातात एकेक दिला. आम्ही तो धरून उभे.

“विचार,” मी म्हणालो. “खरं सांगीन.”

“आणि न्हाई सांगितलं तर?”

“तर आण तुझी बेडी.”

तिनं लाडू खाल्ला. म्हणजे कबूल. यंत्र मागवलं नाही. मी माझ्या म्हणण्यावरून तसूभर हललेलो नाही, हे इथं लिहून ठेवतो.

९ फेब्रुवारी, रविवार

नागनाथला अजून फिरायला बंदी. म्हणून आज मी एकटाच फॅक्टरीच्या रस्त्यानं गेलो. कुणी उठा म्हणालं नाही, कुणी चाला म्हणालं नाही. म्हणूनच गेलो. उन्हात उभं राहून घड्याळ पालथं करून बघितलं. मागच्या काचेतून ऊन आरपार गेलं आणि चाकांच्या सावल्या माझ्या तळहातावर फिरायला लागल्या. एक ट्रॅक्टरवाला थांबून म्हणाला, “काय बघायलाव काका?” दाखवलं. तो म्हणाला, “भारी हाय, पर टाइम कुठंय?” प्रत्येकाला तेच पाहिजे.

येताना पुलाच्या चढावर छातीत ओढल्यासारखं झालं. बसलो. थोड्या वेळानं गेलं.

संध्याकाळी शैलश्रीचा फोन. रोज येतो आता. रोज एकच प्रश्न.

“अप्पा, आज कसं वाटलं?”

“बरं—” तोंडापर्यंत आलं होतं. गिळलं. “पुलाच्या चढावर छातीत ओढलं. बसलो. मग थांबलं.”

मी काही भिऊन सांगितलं नाही. शब्द दिला होता म्हणून सांगितलं.

“सांगितलंत ते बरं केलंत,” ती म्हणाली. “उद्या सकाळी मी येते. डॉक्टरांकडं जाऊ.”

“तू कामून येतेस? मी जातो की एकटा.”

“मी येते.”

“कामधंदा सोडून यायचं कारण न्हाई. मी म्हणतो ना, मी जातो.”

“अप्पा, हे मी विचारायली न्हाई. सांगायलीय.”

आणि फोन ठेवला. बापाचं बोलणं मधेच तोडून! एकदा ठरवलं की ठरवलं, कुणाचं ऐकायचं नाही, दुसऱ्याला काय वाटतं याचा विचार नाही. मी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन शांतम्माला विचारलं, “ही पोरगी इतकी हट्टी कुणावर गेलीय?”

ती पीठ मळत होती. आधी माझ्याकडं बघितलं, मग जी हसायला लागली ती थांबेचना. पदरानं डोळे पुसले, पीठ कपाळाला लागलं, तरी हसतेच आहे.

यात हसण्यासारखं काय होतं, मला अजून कळलेलं नाही.